तीन किलोमीटरचा गोल

गोलकाका भित्रे होते. उगाच शब्द जपून वापरण्यात काही अर्थ नाही, कारण हे त्यांना स्वतःला मान्य होतं, बायकोला मान्य होतं आणि ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. लिफ्ट मध्येच अडकेल म्हणून ते जिन्याने जात आणि जिन्यात पाय घसरेल म्हणून कठडा सोडत नसत. दारावरची घंटा वाजली की आधी दचकायचं आणि मग उठायचं. बायको म्हणायची, "घरात चोर शिरला तर हे त्याला कपाटाची किल्ली देतील, वर अंधारात ठेच लागेल म्हणून दिवाही लावून देतील." यावर काका हसायचे, पण मनातल्या मनात त्यांना ते अगदी पटायचं.

गोलकाका हे नाव ऑफिसातलं. पालिकांची माहिती गोळा करणाऱ्या एका सरकारी विभागात ते नकाशे बघायचे आणि त्यांचं निम्मं आयुष्य नकाशावर गोल काढण्यात गेलं होतं. पूर्वी कर्कटक घेऊन काढत, आता कॉम्प्युटरवर. शहराच्या मध्यावर एक ठिपका ठेवायचा, त्याच्याभोवती तीन किलोमीटरचा गोल मारायचा आणि त्या गोलात किती माणसं राहतात ते वस्तीवस्तीचे आकडे जोडून काढायचं. मग दुसरं शहर घ्यायचं, तोच गोल, तीच बेरीज. कुठल्या शहराच्या पोटात माणसं आहेत आणि कुठल्या शहराचं पोट रिकामं होऊन माणसं कडेला पांगली आहेत, ते अशा तुलनेतून कळतं. काम बिनधोक होतं. गोलाला राग येत नाही, गोल अंगावर धावून येत नाही. काकांना ते मनापासून आवडायचं.

आकडे पुढे कशाला वापरतात हे त्यांना कोणी सांगत नसे आणि तेही विचारत नसत. विचारलं तर "तुम्हाला कशाला हव्यात नसत्या चौकशा" असं कोणी म्हणेल, ही एक भीती होतीच.

त्या वर्षी चार शहरांचं काम आलं. एक बंदराचं, एक खाणीचं, एक टेकडीवरचं आणि चौथं त्यांचं स्वतःचं. काकांनी आठवडाभरात गोल काढले, बेरजा केल्या, कागद वर पाठवला. त्यांचं शहर सगळ्यांत खाली आलं. टेकडीचं शहर त्याच्या वर. बंदर आणि खाण कितीतरी पुढे. काकांना थोडं वाईट वाटलं, आपल्या शाळेचा संघ हरल्यावर वाटतं तेवढंच. मग डबा खाल्ला आणि विसरून गेले.

पुढे एका रविवारी लेक घरी आली. ती, जावई आणि पाच महिन्यांचा नातू शहराच्या जुन्या भागात, पालिकेच्या मुख्य इमारतीमागच्या गल्लीत राहायचे. चौथा मजला, लाकडी जिना, तोही एकच. तळमजल्यावर गादीवाल्याचं दुकान, म्हणजे दारापासून छतापर्यंत कापूस आणि फोम. काका तिथे गेले की आधी नाक वर करून जळका वास येतोय का बघायचे. लेक चिडायची. पण गल्लीच्या तोंडाशीच अग्निशमन केंद्र होतं, लाल बंब दारातच उभे असायचे, आणि त्यांच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं की काकांचा जीव भांड्यात पडायचा.

लेक नातवाला थोपटत म्हणाली, "बाबा, आमच्याकडचा बंब हलवणार आहेत म्हणे."

"कुठे?"

"बाहेर, नव्या वसाहतींकडे. नवं केंद्र काढायला माणसं नाहीत, म्हणून चार शहरांपैकी एकाच्या मध्यावरचं केंद्र उचलून त्याच शहराच्या कडेला नेणार. जिथे मध्याजवळ सगळ्यांत कमी माणसं राहतात तिथलं. आणि सगळ्यांत कमी आपल्याकडे निघाली." तिने त्यांच्याकडे पाहिलं. "आकडे तुमच्याच ऑफिसातून गेलेत ना?"

 हातातली वाटी खाली ठेवायची काकांना सुचेना. "बघतो," एवढंच ते म्हणाले. बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून लगेच विषय बदलला, पण लेक काही बोलायची थांबली नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात मोजणारे आंधळे आहेत, आमच्या एकेका मजल्यावर दहा दहा माणसं राहतात, असं सगळं ती सांगत राहिली. काका मान हलवत होते. 

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. आकडा बरोबर आहे एवढं एकदा बघायचं होतं. बरोबर असला की मग नशीब म्हणायचं, त्याला कोण काय करणार. त्यांनी नकाशा उघडला, आणि आकड्याकडे जायच्या आधीच त्यांना ठिपका दिसला.

ठिपका घड्याळाच्या चौकात होता.

आता ही चूक कशी झाली ते नीट समजून घ्यायला हवं, कारण परका माणूस ती करूच शकला नसता. विभागाचा नियम सरळ होता. शहराचा मध्य म्हणजे पालिकेच्या मुख्य इमारतीचा दरवाजा. बाकीच्या तीन शहरांत काका कधी गेलेले नव्हते, त्यामुळे त्यांनी तिथे नियम उघडून, इमारत शोधून, दरवाजावर ठिपका ठेवला. पण स्वतःच्या शहरात शोधायचं काय? त्या शहरात लहानथोर सगळे घड्याळाच्या चौकालाच मध्य म्हणतात. "मध्यात भेटू", "मध्यातून बस पकड", असंच बोलतात. हाताला सवय, ठिपका आपोआप तिथे पडला. आणि चौकाच्या पलीकडे काय, तर रेल्वेचं यार्ड, गोदामं आणि एक मोठा तलाव. तिथे राहतंय कोण! निम्मा गोल पाण्यात आणि रुळांवर पडला होता, आणि जुन्या भागातल्या खच्चून भरलेल्या गल्ल्या रेषेच्या बाहेर राहिल्या होत्या.

 काकांनी खिडकी बंद केली, मग उघडली, मग खुर्चीत बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. चौकशी बसेल. लोक विचारतील, एवढी वर्षं गोल काढताय आणि स्वतःचं गाव चुकलात? आणि गप्प बसावं तर डोळ्यांसमोर तो लाकडी जिना, खाली कापूस आणि चौथ्या मजल्यावर पाळणा. कुठूनही विचार केला तरी शेवटी पाचावर धारण बसत होती.

ते मॅडमच्या खोलीत गेले. विभागाच्या प्रमुख मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे काकांना त्यांची जास्तच भीती वाटायची.

"मॅडम, माझ्याकडून... ठिपका चुकला."

बोबडी वळत वळत त्यांनी सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमची मुलगी पालिकेमागेच राहते ना?"

काकांचे कान तापले. "हो, मॅडम. पण ठिपका खरंच चुकलाय."

"चुकला असेल. पण मी तुमच्या शब्दावर आकडा बदलला तर उद्या पेपरात येईल." त्यांनी बाहेर बसणाऱ्या चष्मेवालीला बोलावलं. ही कॉम्प्युटरवरची नवी मुलगी, कोणाची भीड न ठेवणारी. "चारही शहरं पहिल्यापासून कर. यांना विचारू नकोस काही."

तिने केलं. बंदर तेच, खाण तेच, टेकडी तीच. काकांचं शहर मात्र वर आलं. टेकडीपेक्षा दीड हजार माणसं जास्त निघाली. तीन किलोमीटरच्या गोलात नव्वद हजारांच्या वर माणसं असताना दीड हजार म्हणजे काय, दोनचार गल्ल्या. पण खाली कोण हे ठरायला तेवढं पुरलं. दुरुस्तीचा कागद निघाला. त्यावर काकांची सही हवी होती, कारण मूळ काम त्यांचं. मॅडम म्हणाल्या, "आता बरोबर आहे?"

"बरोबर आहे, मॅडम."

सही केली. चौकशी वगैरे काही नाही, नुसती एक लेखी समज मिळाली. लेक फोनवर रडलीच. "बाबा, बंब राहिला! सगळी गल्ली तुमचं नाव घेतेय." बायकोने शेजारणीला बोलावून सांगितलं की आमचे हे दिसतात तसे नाहीत हो. काकांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी शूर म्हटलं होतं, आणि दोन दिवस ते जरा छाती काढून चालले.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवरचे नकाशे आवरून ठेवायचे होते. टेकडीच्या शहराचा नकाशा मिटता मिटता त्यांनी सहज तो मोठा करून पाहिला. नकाशाच्या खाली आकाशातून काढलेला फोटो होता, ठिपक्याभोवतीचा. पालिकेचा दरवाजा, त्याच्या डाव्या हाताला अग्निशमन केंद्राचं पत्र्याचं छप्पर, अंगणात दोन लाल चौकोन. समोर अरुंद रस्ता आणि पलीकडे तीन मजली जुनं घर. घराच्या गच्चीवर दोरीला कपडे वाळत घातले होते. दोरीशी कोणीतरी उभं होतं. डोकं आणि खांदे, एवढंच दिसत होतं वरून.

काकांनी माउसवरचा हात काढला.

काकांना काय वाटलं ते थोडक्यात सांगायचं तर, ते घाबरले. पण ही भीती त्यांच्या ओळखीची नव्हती. त्यांच्या सगळ्या भीत्या घरच्या होत्या. आपली लिफ्ट, आपला जिना, आपली लेक. ज्याचं नाव नाही, तोंड नाही, अशा कोणासाठी घाबरायचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नकाशा बंद केला. दुपारी पुन्हा उघडला. तो फोटो जुना असणार, ते माणूस आता दुसरीकडे राहत असेल, असं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. ते माणूस तिथेच उभं, कपडे तिथेच.

"काका, टेकडीवर कोण राहतं तुमचं?" चष्मेवालीने विचारलं.

"कोणी नाही गं. आता... म्हणजे आकडा बरोबर आहे ना तो?"

"मी केलाय, बरोबरच आहे. का?"

"नाही, तसं काही नाही. त्यांना कळलं असेल ना?"

"नोटीस लागलीय त्यांच्या फळ्यावर. महिनाभर हरकत घेता येते." ती हसली. "फळा कोण वाचतंय, काका!"

घरी काकांचं जेवण कमी झालं. रस्त्यातून बंब घंटा वाजवत गेला की पूर्वी ते लेकीला फोन करायचे. आता ते फोन हातात घेऊन तसेच बसायचे, कारण ज्यांना करायचा त्यांचा नंबरच नव्हता. बायको म्हणाली, "आता कसली काळजी? सगळं मनासारखं झालं की." तिला काय सांगणार? माझ्या लेकीचा जिना वाचला आणि दुसऱ्या कोणाचा तरी गेला, आणि दोन्हीवर सही माझीच, हे तोंडातून निघेना. काका भित्रे होते, पण कोडगे नव्हते. असते तर सुखात राहिले असते.

महिना संपत आला तेव्हा त्यांनी ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगून टेकडीची बस धरली. बायकोशी खोटं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळे तिला लगेच कळलं, पण तिने फक्त मफलर दिला. रस्ता वळणावळणाचा. प्रत्येक वळणाला काकांनी समोरच्या सीटचा दांडा असा घट्ट धरला की शेजारचा म्हणाला, "अहो, बस तुम्ही चालवताय की ड्रायव्हर?"

ठिपका शोधायला वेळ लागला नाही. पालिकेचा दरवाजा, फळा, फळ्यावर काचेमागे ती नोटीस. खाली त्यांच्या विभागाचं नाव. कोणी वाचत नव्हतं. बाजूला केंद्राचं फाटक आणि आत दोन बंब, नुकतेच धुतलेले. आणि समोर ते घर. फोटोत कळलं नव्हतं, पण तेही लाकडीच होतं. तिसऱ्या मजल्यावर पाटी होती: येथे बायकांचे व पुरुषांचे कपडे शिवून मिळतील.

काकांनी कठडा धरला आणि जिना चढायला सुरुवात केली. पायऱ्या कुरकुरत होत्या. वरच्या दारात शिवणयंत्र, चिंध्यांचे ढीग, आणि पन्नाशीची एक बाई गळ्यात टेप घालून बसलेली.

"या. काय शिवायचंय?"

"शर्ट," काका म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

तिने उभं केलं, खांदे मोजले, छातीला टेप लावला आणि थांबली. "अगं बाई, किती धडधडतंय हो! जिन्याची सवय नाही वाटतं. बसा आधी, पाणी घ्या."

आतल्या खोलीतून जाड आवाज आला, "कोण आहे गं?"

"गिऱ्हाईक, बाबा." ती काकांना म्हणाली, "वडील. पाय गेलेत त्यांचे. तुमच्यामाझ्या दोघांच्या वजनाचे आहेत एकटे."

काकांनी पाणी घेतलं. "मग खाली कसे नेता? डॉक्टरकडे वगैरे?"

"बंबवाले नेतात की. ती पोरं गोड आहेत. खिडकीतून हाक मारली की चौघं येतात, खुर्चीसकट उचलतात. बाबा वर बसून त्यांना शिव्या घालतात, हळू न्या म्हणून." ती हसत वहीत माप लिहायला वळली. "शर्ट कधी हवा?"

काकांनी पेला खाली ठेवला.  पळून जावंसं वाटलं. दार उघडंच होतं, जिना समोर होता, आणि त्यांना इथे कोणी ओळखत नव्हतं.

"ताई, मला शर्ट नकोय," ते म्हणाले. "हा बंब जाणार आहे. खाली नोटीस लागलीय. ज्या आकड्यावर तो जातोय, तो मी पाठवला."

मग एकदा तोंड उघडल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. गोल, ठिपका, घड्याळाचा चौक, लेक, पाळणा, दीड हजार माणसं. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या यंत्राच्या चाकाकडे बघत होते. बाई आधी हसत होती, मग हसू गेलं.

"म्हणजे तुमच्या लेकीच्या दारातला राहिला."

"हो."

"आणि आमचा गेला. दीड हजारासाठी."

"आकडा बरोबर आहे, ताई," काका म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली.

"असेल. कुठे नेणार?"

"नव्या वसाहतींकडे. खालच्या वळणापलीकडे."

"तिथून बंब इथवर यायला किती वेळ लागतो?"

 चार शहरांच्या वस्त्या काकांनी मोजल्या होत्या, गोल कुठल्या घराला कापतो तेही सांगितलं असतं. "ते नाही मोजलं," ते म्हणाले.

"का?"

"कोणी विचारलं नव्हतं."

बाईचा संताप आता उघड दिसत होता. नाकपुड्या फुलल्या होत्या. काकांना वाटलं, आता ही कात्री फेकून मारते. पण तिने गळ्यातला टेप काढून यंत्रावर टाकला, चपला पायात सरकवल्या. "चला. गाडी करू, तिथे जाऊ आणि घड्याळ लावून परत येऊ. मग पालिकेत जाऊन हरकत घेते मी. तुम्ही शेजारी उभं राहायचं आणि हे सगळं तिथे सांगायचं."

"माझी नोकरी..." काकांचा आवाज चिरकला.

 ती दारात उभी राहून वाट बघत राहिली.  काका कसेबसे उठले आणि भिंत धरून दारापर्यंत आले.

"राहीन," ते म्हणाले.

"बाबा," तिने आत हाक मारली, "मी जरा जाऊन येते. बंब किती लांब आहे ते बघून येते."

आतून म्हातारा मोठ्याने हसला. "अगं वेडे, त्याला बाहेर कशाला जायला हवं? समोर तर आहे!"